पपईच्या बागेंतील नर-मादीचा हिशेब

पपई लावणाऱ्या शेतकऱ्यास खतापाण्यापेक्षां मोठा घोर असतो तो रोपें नर निघतील कीं मादी, याचा. कित्येक महिने वाढविलेल्या झाडास लांब देठांवर फुलांचे लोंबते झुपके आले म्हणजे तें नर आहे असें कळतें. पण तोंपर्यंत पाणी व मजुरी यांचा खर्च होऊन चुकलेला असतो. पुष्कळ लोक हा दैवाचा खेळ समजतात. वस्तुतः यांत ठराविक नियम आहे, आणि तो ज्यास समजला त्याचें नुकसान बरेंच टळतें.

पपईचीं झाडें तीन प्रकारचीं असतात: नर, मादी व उभयलिंगी. मादीचीं फुलें खोडालगत येतात व फळ बहुधा गोल असतें; मात्र फळांत बीं धरण्यास तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. उभयलिंगी झाडाचें फूल आपल्याच परागानें फळतें व फळ लांबट होतें.

सन 1938 मध्यें हवाई बेटांतील स्टोरी व दक्षिण आफ्रिकेंतील हॉफमायर या दोघां शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें या प्रकारांचा उलगडा केला. वारसाच्या नोंदी लिहिण्यांत आमची नोकरी गेली. हा हिशेबही आम्हांस तसाच वाटतो. प्रत्येक रोपास आईबापांकडून एकेक अंश मिळतो. मादीचे दोन्ही अंश मादीचे. नरांत एक मादीचा व एक नराचा. उभयलिंगींत एक मादीचा व एक उभयलिंगी. मादीचा अंश मुळींच न मिळालेला गर्भ जगत नाहीं. पुढें 2004 सालीं, हे अंश ज्यावर असतात तें गुणसूत्र मनुष्यांतील पुरुषत्वाच्या गुणसूत्रासारखें, परंतु बाल्यावस्थेंतील आहे, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें.

यावरून वांटणी अशी पडते. मादीस नराचा पराग लागला तर सरासरीनें निम्मीं रोपें नर. मादीस उभयलिंगी झाडाचा पराग लागला तर निम्मीं मादी व निम्मीं उभयलिंगी. उभयलिंगी फूल स्वतःच्या परागानें फळलें तर चारांपैकीं एक वांटा नष्ट होतो. उरलेल्या तिहींत दोन उभयलिंगी व एक मादी, नर एकही नाहीं.

आतां व्यवहार पाहूं. वॉशिंग्टनसारख्या, नर व मादी झाडें वेगळीं असलेल्या जातीचीं तीन रोपें एका खड्ड्यांत लावावीं. तिन्ही नर निघण्याचा संभव आठांत एक एवढाच राहतो. फुलें येतांच मादी ठेवून बाकीचीं काढावीं, व दर दहा मादींमागें एक नर राखावा. कूर्ग हनी ड्यूसारख्या जातीचें बीं धरणें असेल तर उभयलिंगी झाडाची कळी उमलण्यापूर्वींच तीवर पिशवी बांधावी. अशा बियांचीं दोन रोपें एका खड्ड्यांत लाविल्यास दोन्ही मादी निघण्याचा संभव नवांत एक असतो. संकरित जातीच्या फळाचें बीं मात्र धरूं नये. त्यापासून मूळचे गुण जसेच्या तसे उतरत नाहींत.

शेंडा छाटला कीं नराची मादी होते, या समजुतीवर विसंबूं नये. कांहीं नर झाडांस एखादे वेळीं लांब देठांचीं फळें लागतात, परंतु वारशाचे अंश त्यामुळें बदलत नाहींत. उलट, कडक उन्हाळ्यांत उभयलिंगी झाडाचीं फुलें नरासारखीं होऊन फळ धरेनासें झालें, तर तें झाड घाईनें तोडूं नये. ऋतु पालटल्यावर तें पुन्हा फळूं लागतें. कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं फूल नीट पाहावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.