पपईची मूळकूज आणि झाडाची सावधगिरी

श्रावण सरता सरता आमच्या बेळगावकडील परसांतून एक दृश्य हमखास दिसते. काल-परवापर्यंत फळांनी लगडलेली पपई पिवळी पडते आणि वाऱ्याच्या लहानशा झोताने आडवी होते. बुंधा पाहावा तर मऊ, तपकिरी, पाणथळ. मुळांचा निव्वळ लगदा. घरची मंडळी वाऱ्याला दोष देतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तोच दिला.

खरा अपराधी पिथियम किंवा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. आळ्यात पाणी तुंबले की मुळांपर्यंतची वाट आपणच त्यांना मोकळी करून देतो.

यावर एक निराळा उपाय शास्त्रज्ञांनी शोधला आहे. त्याचा उगम पपईत नाही, तंबाखूत आहे. १९७९ साली इंग्लंडात व्हाइट या संशोधकाला असे आढळले, की तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचल्यास मोझेक विषाणूचा उपद्रव घटतो. पुढे उलगडा झाला, की रोगाची चाहूल लागताच झाड स्वतःच सॅलिसिलिक आम्ल तयार करते आणि त्या इशाऱ्याने सर्वांगी सावध होते. हाच इशारा बाहेरून देणारी रसायने म्हणजे प्रतिकारप्रेरके. हवाईमधील संशोधकांनी २००३ साली त्यांपैकी बेन्झोथायडायाझोल हे पपईच्या रोपांना देऊन पाहिले. रोपांत ग्लुकनेजसारखी संरक्षक विकरे वाढली आणि फायटोफ्थोराला ती अधिक समर्थपणे तोंड देऊ लागली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. हे रसायन रोगजंतूला मारीत नाही. ते झाडाला जागे करते, आणि जागे होण्यास काही दिवस लागतात. आम्ही हे वाचून, उत्साहाच्या भरात, कलंडू लागलेल्या पपईच्या बुंध्याशी अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या विरघळवून ओतल्या. चौथ्या दिवशी झाड गेले! कुजलेल्या मुळांना कसला इशारा पोहोचणार? शिवाय अशी रसायने प्रमाणाबाहेर गेल्यास निरोगी रोपाचीही वाढ खुंटते. तेव्हा घरगुती अंदाजाने ती वापरू नयेत.

हवाईमध्येच याहून साधी एक युक्ती रूढ झाली होती. जुन्या बागेत खड्डे घेऊन त्यांत पपई कधीच न लावलेल्या जमिनीची माती भरीत व त्यात रोप लावीत. कोवळे वय त्या निर्मळ मातीत सरे. मुळे बाहेर पडेतो झाड निबर झालेले असे. यंदा आम्ही पडक्या विहिरीमागची माती आणून उंच वरंब्यावर सहा रोपे लावली आहेत. पाण्याचे आळे बुंध्यापासून हातभर दूर काढले आहे.