गायरान कुणाचं?

भूम, परंडा, वाशीच्या माळांवर चरणाऱ्या काळ्या उस्मानाबादी शेळ्या अनेकदा अशा घरांतल्या असतात, ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नाही. त्यांचा चारा गायरानातला. म्हणून 'गायरान म्हणजे बेवारस जमीन' हा समज धाराशिव जिल्ह्यात याच घरांना सर्वांत महागात पडतो. सातबाऱ्यावर ही जमीन शासनाच्या नावे असते, देखभाल ग्रामपंचायतीकडे असते आणि जनावरं चारण्याचा हक्क साऱ्या गावाचा असतो.

दुसरा समज असा, की पंचायतीने ठराव केला की गायरान कुणालाही देता येतं. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत आलेल्या कलम २२-अ ने ही वाट जवळजवळ बंद केली. अपवाद मोजके आहेत. त्यातला मुख्य सार्वजनिक कामाचा, तोही दुसरी योग्य सरकारी जमीन मिळत नसेल तरच.

गायरान कसणारा प्रत्येक जण जमीनचोर, हा समज मात्र सरळ अन्याय करतो. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरचे बेकायदा कब्जे हटवायला सांगितलं, हे सगळे ऐकवतात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, हे क्वचितच कुणी सांगतं. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी १९६४ मध्ये जमिनीसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरलं. मराठवाड्यात अशा कुटुंबांनी अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्यात. कब्जा कधीचा, ते त्यांवरून कळतं. पोटासाठी एकरभर कसणारा आणि गायरानात प्लॉट पाडणारा यांना एकाच नोटिशीने उठवू नये.

गायरानाचा प्रश्न ग्रामसभेत मांडा म्हटलं, की 'ग्रामसभेला माणसंच जमत नाहीत, मग बोलणार कुठे?' हेही ऐकू येतं. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तेवढे पुरतात. सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. सभेला जाण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना २४, म्हणजे जमिनीची नोंदवही, बघून घ्यावी; दाखवली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. शेळ्या राखणाऱ्या बायांनी चराईचा विषय तिथेच मांडावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावा.