अळणावर जंक्शन, मालगाडी आणि 6174

दांडेलीचा फाटा फुटतो त्या आपल्या अळणावर जंक्शनवर मालगाडी थांबली, की हुशार पोरांना एक खेळ द्या. वाघिणीच्या नंबरातले कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा 3524. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा: 5432 − 2345 = 3087. पुन्हा तेच: 8730 − 0378 = 8352. पुन्हा: 8532 − 2358 = 6174. आता इथून हलणं नाही!

ही गंमत सापडली देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना (1905–1986). 1975 साली गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

गणितात पुढे असलेल्या मुलाला आपण काय देतो? पुढच्या इयत्तेचं पुस्तक. माझ्या मते ते निव्वळ ओझं. त्यापेक्षा विचारा, तीनच अंक घेतले तर? (495 येतं.) पाच घेतले तर? तिथे एक मुक्काम नाहीच, आकडे चक्रात फिरतात. हे त्याला स्वतः सापडू द्या, उत्तर आधी फोडू नका.

आणखी एक. 21 मध्ये त्याचेच अंक मिळवले की 24. पण 20 अशी कुठल्याच संख्येपासून बनत नाही. कापरेकर अशांना देवळाली संख्या म्हणत. 20, 31, 42… अकराअकराने 108 पर्यंत, मग एकदम 110. का बरं?