१३१ चेंडू आणि एक शून्य

मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर १२ जानेवारी १९६४ रोजी बापू नाडकर्णींनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे चेंडू धरले, तर इंग्लंडच्या फलंदाजांना त्यांच्या सलग १३१ चेंडूंवर एकही धाव काढता आली नाही. डाव संपला तेव्हा धावफलकावर त्यांच्या नावापुढे आकडे होते : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य.

मराठी घरांत हे आकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जातात, पण सांगणारा बहुतेक वेळा हसत सांगतो. शेवटच्या शून्यामुळे हा पराक्रम गमतीच्या खात्यात जमा झाला. एवढी षटकं टाकून एकही बळी नाही, मग त्याचं कौतुक ते काय, असा सूर लागतो. हा सूर बापूंवर अन्याय करणारा आहे. धावा न देणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि बापू त्या विद्येतले जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी होते.

त्या सामन्याची हकीकत आधी पाहू. माइक स्मिथच्या इंग्लंड संघाविरुद्धची ती पहिली कसोटी. नवाब पतौडींच्या भारतीय संघाने ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. सलामीला आलेल्या यष्टिरक्षक बुधी कुंदरनने १९२ केल्या होत्या, विजय मांजरेकरांनी १०८. दुसऱ्या दिवसअखेर इंग्लंड २ बाद ६३. पाहुण्या संघातले काही खेळाडू पोटाच्या विकाराने बेजार होते, त्यामुळे जे उभे होते त्यांच्यावर डाव लांबवण्याची जबाबदारी आली. ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन या दोघांनी ती उचलली. बॅरिंग्टन म्हणजे त्या काळातल्या सर्वांत चिवट फलंदाजांपैकी एक. विकेट फेकायची नाही, हा त्याचा पिंडच.

अशा वेळी समोर बापू. त्यांनी त्या डावात चार टप्प्यांत गोलंदाजी केली. पहिल्या टप्प्यात ३ षटकं, तिन्ही निर्धाव. दुसऱ्यात ७ षटकं, २ धावा. तिसऱ्यात १९ षटकं आणि फक्त १ धाव. शेवटच्या टप्प्यात ३ षटकं, २ धावा. एकूण १९२ चेंडू, ५ धावा. बोलसने ८८ केल्या, बॅरिंग्टनने ८०, इंग्लंडचा डाव ३१७ पर्यंत गेला. म्हणजे धावा निघत होत्या, पण त्या दुसऱ्या टोकाकडून.

आता प्रश्न असा, की यात फलंदाजांचा वाटा किती? बराच, हे मान्य करायला हवं. मारायचंच नाही असं ठरवून आलेल्या माणसाला धावा न देणं, मारायला निघालेल्याला रोखण्यापेक्षा सोपं. पण बचाव करणारा फलंदाजसुद्धा चुकीचा चेंडू सोडत नाही. पायावर आखूड पडला की तो एक धाव घेतोच, आणि फुलटॉस तर बॅरिंग्टनही सीमेपार धाडेल. मुद्दाम न मारताही बॅटची कड लागून एखादी धाव निघते. १३१ चेंडूंत असं एकदाही घडलं नाही. एवढा वेळ एक चूक न होणं यातच सगळी करामत आहे.

ही करामत सरावातून आली होती. बापू नेटमध्ये खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी एक नाणं ठेवत आणि चेंडू त्या नाण्यावर पडेल असा प्रयत्न करत. त्यांची फिरकी डावखुरी, पारंपरिक पद्धतीची. चेंडू हवेत फार वर जात नसे आणि वेगही फिरकीच्या मानाने बरा असे. उंची दिलेला चेंडू फलंदाजाला पुढे सरसावायला वेळ देतो. बापूंचा चेंडू तो वेळ देत नसे. टप्पा असा, की पुढे यावं तर पोचता येत नाही आणि मागे जावं तर कट मारायला जागा मिळत नाही. फलंदाजाने चेंडू खाली दाबून परत पाठवायचा, बापूंनी तो उचलून पुन्हा टाकायचा.

मुळशीकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. भाताची काढणी झाली, खाचरं मोकळी झाली, की पौड-पिरंगुटच्या बाजूला टेनिस बॉलचे सामने रंगतात. तिथे सहा-आठ षटकांच्या खेळात प्रत्येक कर्णधार एक गोलंदाज शेवटासाठी राखून ठेवतो. तो सगळ्यांत वेगवान असतोच असं नाही. पण समोरच्या संघाला षटकात दहा हव्या असताना ‘डॉट’ टाकायची छाती त्याच्याकडे असते. त्याच्या हातात चेंडू गेला, की बाहेर बसलेली मंडळी सावरून बसतात.

अमेरिकेतल्या बेसबॉलने नेमक्या याच माणसाचा एक पेशा करून ठेवला आहे. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात, प्रत्येक डावात तीन फलंदाज बाद झाले की बाजू बदलते. सुरुवात करणारा पिचर साधारण पाच-सहा डाव टाकतो. तो थकला, की मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाच्या जागेत हात मोकळा करत थांबलेले बदली पिचर एकामागून एक येतात. त्यांतला शेवटचा ‘क्लोजर’. संघाची आघाडी तीन धावांच्या आत आहे, शेवटचा डाव उरला आहे, अशा वेळी त्याला बोलावतात. त्याने आघाडी टिकवली तर त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. एक डाव, तीन बळी, वीसेक चेंडू, आणि घरी.

या पेशातली सर्वांत गाजलेली मालिका एरिक गान्ये या कॅनडातल्या फ्रेंचभाषक पिचरची. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून खेळताना ऑगस्ट २००२ पासून जुलै २००४ पर्यंत त्याने मिळालेल्या ८४ पैकी ८४ संधींत सामना वाचवला. २००३ च्या अख्ख्या हंगामात ५५ पैकी ५५. त्या वर्षी त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. पुढे २००७ मध्ये बेसबॉलमधल्या उत्तेजकांच्या वापरावर मिचेल अहवाल आला आणि त्यात गान्येचं नाव निघालं. त्यामुळे त्याच्या ८४ कडे आज अनेक जण संशयाने बघतात, आणि ते स्वाभाविक आहे.

पण या दोन खेळांत एक मूलभूत फरक आहे, आणि बापूंचं मोल ठरवताना तो विसरून चालत नाही. बेसबॉलमधल्या क्लोजरचं शून्य तिथल्या तिथे सामना जिंकून देतं. पाच दिवसांच्या कसोटीत शून्य एकटं काहीच जिंकत नाही. त्याला दुसऱ्या टोकाला बळी घेणारा जोडीदार लागतो. मद्रासला तो जोडीदार होता पुण्याचाच : चंदू बोर्डे. त्याच डावात बोर्डेंनी आपल्या लेगस्पिनवर ८८ धावांत ५ बळी घेतले. एका टोकाने धावांची वाट बंद झाली, की फलंदाजाला दुसरीकडे जोखीम घ्यावी लागते, हा क्रिकेटमधला जुना व्यवहार आहे. बोर्डेंच्या पाच बळींतले किती बापूंच्या खात्यावर लिहायचे, याचा हिशेब कुठलाही धावफलक देत नाही. ही धावफलकाची उणीव आहे.

दुसरी गोष्ट कर्णधाराची. २०१६ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सचा क्लोजर झॅक ब्रिटन ४७ पैकी ४७ वेळा यशस्वी ठरला होता. नऊ डावांमागे त्याने सरासरी ०.५४ धावा दिल्या होत्या. हंगामानंतरचा बाद फेरीचा एकमेव सामना टोरंटोत झाला, बरोबरीत अकराव्या डावापर्यंत गेला, आणि व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला बुलपेनमधून बाहेर काढलंच नाही. एडविन एन्कार्नासियोनने दुसऱ्याच पिचरला होमरन मारून सामना संपवला. घरातलं सर्वांत चांगलं हत्यार खुंटीवरच राहिलं. बापूंच्या बाबतीत पतौडींनी ती चूक केली नाही. बळी मिळत नाहीत म्हणून गोलंदाज बदलायचा मोह कुठल्याही कर्णधाराला होतो. त्यांनी चेंडू काढून न घेता १९ षटकांचा तो टप्पा पूर्ण होऊ दिला.

सामना मात्र अनिर्णित राहिला. इंग्लंडसमोर २९३ धावांचं लक्ष्य होतं, त्यांनी ५ बाद २४१ केल्या. दुसऱ्या डावातले बापूंचे आकडे : ६ षटकं, ४ निर्धाव, ६ धावा, २ बळी. अख्ख्या सामन्यात ३८ षटकांत ११ धावा. पुढे त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णितच राहिल्या, आणि रटाळ क्रिकेटचा दाखला म्हणून ती मालिका वर्षानुवर्षं सांगितली गेली. बापूंच्या २१ षटकांवरही त्याचाच शिक्का बसला.

जागतिक नोंदींत बापूंच्या वर एक नाव आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफिल्डने १९५७ च्या जानेवारीत दरबानला इंग्लंडविरुद्धच सलग १३७ चेंडू निर्धाव टाकले होते. तेव्हा तिथे आठ चेंडूंचं षटक असे. त्यामुळे सलग निर्धाव षटकांच्या संख्येत बापू पुढे, चेंडूंच्या संख्येत टेफिल्ड. टेफिल्डने त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ६९ धावांत ८ बळी टिपले. आधी श्वास कोंडायचा, मग घाव घालायचा, हे त्या सामन्यात स्वच्छ दिसलं. बापूंच्या वाट्याला मद्रासला असा दुसरा अंक आला नाही, एवढाच फरक.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ चा, नाशिकचा. पुणे विद्यापीठाच्या संघातून ते पुढे आले, १९५१-५२ मध्ये महाराष्ट्राकडून रणजी खेळू लागले आणि नंतर मुंबईच्या त्या अजिंक्य संघात गेले. पहिली कसोटी डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीला, न्यूझीलंडविरुद्ध, विनू मंकड विश्रांती घेत होते म्हणून. बापूंनी नाबाद ६८ केल्या आणि ५७ षटकं टाकली. बळी एकही नाही. मंकड परतले, बापू बाहेर. ज्यांना १९६४ चं शून्य अपघात वाटतं, त्यांनी ही पहिली कसोटी बघावी, आणि १९६०-६१ ची पाकिस्तानविरुद्धची मालिकाही : कानपूरला ३२ षटकांत २३ धावा, दिल्लीला एका डावात ३४ षटकांत २४. ही त्यांची रोजची मजुरी होती. मद्रासला ती फक्त टोकाला पोचली.

त्यांची मर्यादाही लपवण्यासारखी नाही. ४१ कसोट्यांत ८८ बळी, आणि एका बळीमागे सरासरी १०४ चेंडू. सामना फिरवणाऱ्या फिरकी गोलंदाजाचा हा आकडा नव्हे. षटकामागे १.६७ धावा ही मात्र कसोटी इतिहासातल्या सर्वांत काटकसरी सरासरींपैकी एक आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की संघात त्यांचं नेमकं काम काय होतं ते कळतं.

आणि तरी, त्यांना केवळ धावा रोखणारा म्हणणंही पुरेसं नाही. मद्रासच्याच मैदानावर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ असे ११ बळी घेतले. तो सामना भारत १३९ धावांनी हरला! शून्य बळींचे आकडे सगळ्यांना पाठ, आणि अकरा बळींची कसोटी कुणाला आठवत नाही. फलंदाजीतही तेच. १९६४ च्या फेब्रुवारीत कानपूरला इंग्लंडने ८ बाद ५५९ केल्यावर भारतावर फॉलोऑन आला. डावखुऱ्या बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्यात नाबाद १२२ करून सामना वाचवला. १९६०-६१ च्या रणजी उपान्त्य सामन्यात मुंबईकडून दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ काढल्या होत्या. प्रथम श्रेणीत ५०० बळी आणि ८,८८० धावा ही त्यांची एकूण कमाई.

सुनील गावसकर यांनी बापूंच्या निधनानंतर त्यांची आठवण सांगितली होती. दौऱ्यांवर सहायक व्यवस्थापक म्हणून येणारे बापू खेळाडूंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत : ‘छोडो मत’.

आजच्या क्रिकेटमध्ये निर्धाव चेंडूला भाव आला आहे. २०२३ च्या आयपीएलमध्ये बाद फेरीच्या सामन्यांत क्रिकेट मंडळाने प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावण्याची घोषणा केली, आणि पडद्यावर धावांच्या जागी झाडाचं चित्र झळकू लागलं. त्या दराने मद्रासच्या १३१ चेंडूंची ६५,५०० झाडं होतात. वीस षटकांच्या खेळात चोवीस चेंडूंचा कोटा असलेला गोलंदाज दहा-बारा ‘डॉट’ टाकतो तेव्हा समालोचकांचा आवाज चढतो, आणि चढावाच. तीच नजर मागे वळवून १९६४ कडे पाहिली, तर त्या निर्धाव षटकांवरचा रटाळपणाचा शिक्का पुसायला हरकत नाही.

बापूंच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम डाव अगदी अखेरीस आला. १९६७-६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यात वेलिंग्टनच्या कसोटीत त्यांनी ४३ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने सामना ८ गडी राखून जिंकला. ती मालिका ३-१ अशी आपल्याकडे आली. परदेशातला भारताचा तो पहिला मालिकाविजय. ऑकलंडची पुढची कसोटी बापूंची शेवटची ठरली. दौऱ्यावरून परतल्यावर, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, वय ८६. सलग २१ निर्धाव षटकांचा त्यांचा विक्रम तेव्हाही कुणी मोडलेला नव्हता.