संगणकांतील वाढती कणगी

भाताचें पीक खळ्यावर आलें म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील शेतकऱ्यापुढें दरवर्षीं एक प्रश्न उभा राहतो: यंदा कणगी केवढी लागेल? मळणी पुरी होईपर्यंत धान्य नेमकें किती भरेल हें कोणासही ठाऊक नसतें. कणगी लहान पडली तर धान्य सांडतें. उगाच मोठी केली तर घरांतील जागा अडते. संगणकाकडून मजकूर लिहवून घेणाऱ्यापुढेंही हाच प्रश्न असतो. आमचे जे विद्यार्थी संगणकाच्या वर्गांत आज्ञावली लिहूं लागले आहेत त्यांस, आणि आपलीं मुलें तेथें काय शिकतात हें जाणूं इच्छिणाऱ्या पालकांस, या प्रश्नाचें उत्तर सोप्या रीतीनें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

समजा, एका वर्गाचें निकालपत्रक तयार करावयाचें आहे. संगणक एका विद्यार्थ्याचें नांव घेतो, त्यापुढें गुण मांडतो, बेरीज करितो, शेरा जोडतो आणि पुढच्या नांवाकडे वळतो. प्रत्येक तुकडा तयार होतांच तो छपाईच्या यंत्राकडे धाडला तर दोन अडचणी येतात. एक तर तें यंत्र संगणकाच्या स्मृतीच्या मानानें फार मंद असतें, त्यामुळें पावलोपावलीं खोळंबा होतो. दुसरें असें कीं, मध्येंच चूक आढळली तर अर्धें पत्रक आधींच बाहेर पडलेलें असतें. म्हणून सर्व मजकूर प्रथम स्मृतींत एके ठिकाणीं गोळा करितात व पुरा झाल्यावर एकदम बाहेर देतात. या तात्पुरत्या सांठवणीच्या जागेस बफर असें म्हणतात. स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान लहान खणांची एक लांबच लांब ओळ होय. एका खणांत एक बाइट मावतो, आणि बफर म्हणजे या ओळींतील लागोपाठचे कांहीं खण.

आतां हे खण किती राखून ठेवावे? पुष्कळ जण अंदाजानें आंकडा ठरवून टाकतात. गांवाच्या नांवास २० बाइट पुरेत, असें एखादा म्हणेल. आणि इंग्रजींत तें खरेंही आहे, कारण रोमन लिपींत गोंदिया हें नांव सहा अक्षरांचें असून त्यास सहाच बाइट लागतात. परंतु देवनागरीचा हिशेब निराळा आहे. आज संगणकावर मजकूर बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीनें ठेवितात. ही पद्धति केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजिली. तींत रोमन अक्षरास १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘गोंदिया’ या शब्दांत आपल्या डोळ्यांस तीन अक्षरें दिसतात: गों, दि, या. संगणक मात्र सात चिन्हें मोजतो: ग, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, ऱ्हस्व वेलांटी, य आणि काना. सात त्रिक एकवीस. म्हणजे वीस बाइटांच्या जागेंत आपल्या गांवाचें नांव एका बाइटानें मावत नाहीं! शेवटच्या कान्याचे दोन बाइट आंत राहतात, एक बाहेर पडतो, आणि कागदावर ‘गोंदिय’ व त्यापुढें एक निरर्थक खूण उमटते.

जोडाक्षरांत तर ही संख्या आणखी वाढते, कारण अर्धें अक्षर दाखविण्याकरितां हलन्ताचें चिन्ह स्वतंत्र ठेवावें लागतें. ‘श्रीकृष्ण’ हें नांव पाहण्यास तीन अक्षरांचें. पण त्यांत नऊ चिन्हें असून त्यांस २७ बाइट लागतात. ही गोष्ट क्षुल्लक मानूं नये. शाळेच्या दाखल्यावर मुलाचें नांव एक आणि गुणपत्रकावर त्याहून एक अक्षर कमी, असें झालें तर पुढें तो मुलगा व त्याचे आईबाप यांस प्रतिज्ञापत्रें करीत कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. एका काना-मात्रेचा प्रश्न अशा रीतीनें घरच्या माणसांच्या पायांवर येऊन पडतो.

जागा अपुरी पडली असतां मजकूर तोडला जातो, हा एक अपाय झाला. न तोडतां तसाच पुढें लिहीत गेल्यास याहून मोठा अनर्थ होतो. बफराच्या पलीकडील खण रिकामे नसतात. त्यांत संगणकाच्या दुसऱ्या उपयोगाची माहिती असते, आणि सांडलेला मजकूर तिच्यावर जाऊन बसतो. १९८८ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २ तारखेस अमेरिकेंत याचा प्रत्यय आला. रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली आपण होऊन एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेली. तिच्या वाटांपैकीं एक वाट अशी होती: समोरच्या संगणकानें ५१२ बाइटांची जागा राखलेली असतां तिनें ५३६ बाइट पाठविले. आलेला मजकूर वाचणारी सी भाषेंतील ‘गेट्स’ ही आज्ञा जागा किती आहे हें विचारीतच नसे. जादा बाइट शेजारच्या खणांत शिरले. तेथें पुढें कोणतें काम करावयाचें याचा पत्ता लिहिलेला होता, तो बदलला गेला, आणि तो संगणक परक्याच्या हुकुमाप्रमाणें चालूं लागला. हजारों संगणक या आज्ञावलीनें जेरीस आणले. पुढें २०११ सालच्या सी भाषेच्या प्रमाणग्रंथांतून ‘गेट्स’ काढूनच टाकण्यांत आली.

तेव्हां मजकूर तोडूं नये आणि सांडूंही देऊं नये. यावर उपाय एकच: गरजेप्रमाणें वाढणारी जागा. मात्र स्मृतींतील खण रबराप्रमाणें ताणले जात नाहींत, म्हणून वाढविण्याची कृति समजून घेतली पाहिजे. अशा बफरासाठीं तीन गोष्टी सदैव जवळ बाळगाव्या लागतात. पहिली, जागा कोठें सुरू होते तो पत्ता. दुसरी, आजवर किती बाइट भरले ती लांबी. तिसरी, एकंदर किती बाइट मावतात ती क्षमता. नवा तुकडा आला म्हणजे प्रथम त्याचे बाइट मोजावे व ते लांबींत मिळवावे. सी भाषेंत मजकुराच्या अखेरीस शून्याचा एक बाइट ठेवावा लागतो, तोही या बेरजेंत धरावा. ही बेरीज क्षमतेच्या आंत असेल तर तुकडा खुशाल लिहावा व लांबी वाढवावी. ती क्षमतेहून अधिक असेल तर दुसरीकडे मोठी जागा मागून घ्यावी, जुना मजकूर तेथें उतरवावा, जुनी जागा परत करावी, आणि मगच नवा तुकडा लिहावा. लहान कणगींतील धान्य मोठ्या कणगींत ओतण्यासारखेंच हें आहे. उपसाउपशीचे श्रम टळत नाहींत. ते कमी कसे करावे एवढेंच पाहावयाचें.

येथें अंकगणित आपल्या मदतीस येतें. समजा, आरंभीं जागा १६ बाइटांची आहे आणि अखेरीस ती १६,३८४ बाइटांची लागणार आहे. देवनागरीचीं सुमारें ५,४६० चिन्हें तींत मावतात. एका मुलानें ठरविलें कीं, दर वेळीं १६ बाइटच वाढवावे. त्यास १,०२३ वेळां स्थलांतर करावें लागेल. पहिल्या वेळीं १६ बाइट हलतील, दुसऱ्या वेळीं ३२, तिसऱ्या वेळीं ४८. असें करितां करितां एकंदर ८३,८०,४१६ बाइट हलवावे लागतील. दुसऱ्या मुलानें दर वेळीं जागा दुप्पट केली. १६ चे ३२, ३२ चे ६४, अशा रीतीनें तो दहाव्या खेपेस १६,३८४ वर पोहोंचतो. त्यानें हलविलेले बाइट १६, ३२, ६४ पासून ८,१९२ पर्यंत मिळून अवघे १६,३६८ होतात. पहिल्याचे श्रम दुसऱ्याच्या बरोबर ५१२ पट झाले!

याचें कारण बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस सहज कळेल. दुपटीच्या श्रेढींत मागील सर्व पदांची बेरीज पुढच्या पदाहून नेहमीं कमीच भरते. म्हणून मजकूर कितीही वाढला तरी स्थलांतराचा एकंदर भार त्याच्या दुपटीस कधीं पोहोंचत नाहीं. एखाद्या वेळीं मोठी उपसाउपस होते खरी, पण ती पुढच्या पुष्कळ अक्षरांवर वांटली जाते. दुपटीचा दोष एवढाच कीं, जवळ जवळ अर्धी जागा रिकामी राहण्याचा संभव असतो. यास्तव कोणी दीडपटीनेंही वाढवितात. प्रमाण कोणतेंही असो, वाढ ठराविक आंकड्यानें न करतां प्रमाणानें करावी, हें या विषयाचें सार आहे.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगतों. जागा बदलली म्हणजे जुना पत्ता व्यर्थ होतो; म्हणून एखाद्या अक्षराची खूण ठेवणें असेल तर त्याचा पत्ता न ठेवतां तें आरंभापासून कितवें आहे तो क्रमांक ठेवावा. नवी जागा मागितली असतां ती मिळेलच असें नाहीं. ती मिळाली याची खात्री होण्यापूर्वीं जुना पत्ता पुसून टाकल्यास पूर्वींचा सर्व मजकूर हातचा जातो. क्षमता दुप्पट करण्याआधीं तो आंकडा संगणकाच्या मर्यादेंत बसतो कीं नाहीं हेंही पाहावें. मजकूर तुकड्यातुकड्यांनीं बाहेर देणें झाल्यास एखादें चिन्ह मध्येंच दुभंगूं देऊं नये. यूटीएफ-८ मध्यें चिन्हाचा दुसरा व तिसरा बाइट द्विमान पद्धतीच्या १० या अंकांनीं सुरू होतो, त्यावरून हद्द ओळखतां येते. मात्र मूळ अक्षर व त्याची मात्रा हीं दोन चिन्हें आहेत, तींही एकमेकांपासून तोडूं नयेत. शेवटीं, एक पत्रक संपून दुसरें सुरू करितांना बफर मोडूं नये. लांबी शून्य केली कीं तीच जागा पुन्हां कामीं येते.

ही सोय आज बहुतेक भाषांतून तयार मिळते. सी भाषेंत ‘ओपन-मेमस्ट्रीम’ नांवाची आज्ञा आहे. पॉसिक्सच्या २००८ सालच्या प्रमाणांत तिचा समावेश झाला. तिच्या योगानें धारिकेंत लिहावें तसें स्मृतींत लिहितां येतें आणि जागा आपोआप वाढते. काम संपल्यावर ती परत करणें मात्र लिहिणाऱ्याकडेच असतें. जावा भाषेंतील ‘स्ट्रिंगबिल्डर’ १६ चिन्हांच्या जागेनें आरंभ करितो व ती अपुरी पडतांच दुप्पट करून दोन मिळवितो. म्हणजे १६ नंतर ३४ व ३४ नंतर ७०. पायथनमध्यें ‘स्ट्रिंग-आयओ’ आहे. तयार साधन हातीं असतांना हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, गिरणींत तांदूळ तयार मिळतो म्हणून धान कसें पिकतें हें शेतकऱ्याच्या मुलानें विसरूं नये. साधन बिघडलें तर कोठें बिघडलें हें ज्यास कळतें, त्याच्याच हातीं तें सुरक्षित असतें.

विद्यार्थ्यांनीं सुट्टींत एक अभ्यास अवश्य करावा. आपलें, आईचें, वडिलांचें व गांवाचें नांव कागदावर लिहून प्रत्येकांतील चिन्हें मोजावीं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांपैकीं एकही सोडूं नये. आलेल्या संख्येस तिहींनीं गुणावें व दोन नांवांमधील प्रत्येक रिकाम्या जागेचा एक बाइट मिळवावा. मग चार खणांची एक पट्टी आंखून, ती भरतांच आठ खणांची, नंतर सोळांची, अशा रीतीनें तीं नांवें एका खणांत एक चिन्ह याप्रमाणें भरून पाहावीं, आणि किती वेळां व किती चिन्हें उतरवून घ्यावीं लागलीं तें टिपून ठेवावें. पालकांनींही या मोजणींत मुलांबरोबर बसावें. आपल्या घरच्या नांवांस किती जागा लागते हें पुढें आज्ञावली लिहिणाऱ्यास माहीत असलें, म्हणजे त्याच्या हातून दुसऱ्याचें नांव तोडलें जाणार नाहीं.