बघत होते, पण दिसलंच नाही!

संध्याकाळी साडेसातचा कर्वे रोड. ऑफिसमधून घरी निघालेली मी. कानात हँड्सफ्री, पलीकडे बॉस आणि विषय उद्याचं प्रेझेंटेशन. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. म्हणजे अगदी शहाणी मुलगी!

तेवढ्यात 'ए, ए!' अशी आरोळी आली आणि मी करकचून ब्रेक दाबला. बॉनेटपासून हातभर अंतरावर भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा उभे होते. तेही झेब्रा क्रॉसिंगवर. थरथरत काच खाली केली.

''सॉरी आजोबा, खरंच दिसला नाहीत...''

''अगं, माझ्याकडेच तर बघत होतीस!''

हे वाक्य रात्रभर डोक्यात घुमत राहिलं. कारण आजोबा खरं बोलत होते. आणि गंमत म्हणजे, मीही!

गोरिला कुणी पाहिला?

मेंदूच्या या लबाडीवर एक झकास प्रयोग झालाय. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. पांढऱ्या शर्टवाल्यांनी एकमेकांना बॉल किती वेळा पास केला, तेवढं मोजायचं. मध्येच गोरिलाचा ड्रेस घातलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळपास निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही! नंतर सांगितलं, तर पटेना.

याला म्हणतात 'इनअटेन्शनल ब्लाइंडनेस'. डोळे उघडे, पण लक्ष दुसरीकडे, म्हणून आलेलं आंधळेपण. आपल्याला वाटतं डोळा म्हणजे कॅमेरा, समोरचं सगळं टिपणारा. प्रत्यक्षात हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं ना, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी बारकाईनं दिसतो. बाकीचं चित्र मेंदू अंदाजानं पूर्ण करतो. आणि डोळ्यांपर्यंत जे पोचतं, त्यातलंही लक्ष जाईल तेवढंच 'दिसतं'.

तुम्ही म्हणाल, हे आपल्यासारख्या धांदरटांचं झालं. एक्स्पर्ट्सचं काय? २०१३ मधल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं. स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र डकवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांच्यापैकी १२ जणांची नजर तर थेट गोरिलाच्या जागेवर गेली होती!

माझ्याकडेच तर बघत होतीस...

हात मोकळे असून उपयोग काय?

डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २००१ साली हेच तपासलं. गाडी चालवण्यासारखं काम करताना फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल दुपटीनं हुकले. हातात फोन असो वा हँड्सफ्री, फरक शून्य. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचं मात्र असं झालं नाही. म्हणजे प्रॉब्लेम हातांचा नाहीच, संवादाचा आहे. शेजारी बसलेल्या माणसाला निदान ट्रॅफिक दिसतो, तो वेळ बघून गप्प बसतो. फोनवरच्या बॉसला काय दिसणार?

मल्टिटास्किंगचा माझा तोरा त्या रात्री उतरला. आता गाडीत बसले की फोन सायलेंट करून पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर. बॉसला सांगून टाकलं, ''घरी पोचून अर्ध्या तासात फोन करते.'' तो म्हणाला, ''ओके.'' बस, इतकं सोपं होतं!

ते आजोबा नंतर कधी दिसले नाहीत. त्या झेब्रा क्रॉसिंगला मात्र पाय आपोआप ब्रेकवर जातो.

करून बघा!

दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे शेजारी-शेजारी उभे धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्यानं फक्त डाव्या अंगठ्याकडे बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. साधारण पंधरा सेंटीमीटरवर त्याचं टोक गायब! हा तुमचा 'ब्लाइंड स्पॉट'. जन्मापासून तो तिथेच आहे. मेंदूनं तुम्हाला कधी कळू दिलं?