वेसाव्याचा किनारा आणि प्लास्टिकचे शिल्प

मुंबईच्या उपनगरांतील समुद्रप्रदूषणाचा आणि त्याला कलावंतांनी दिलेल्या प्रतिसादाचा मागोवा २६ जुलै २००५च्या महापुरापासून घ्यावा लागतो; कारण गटारे तुंबण्यात पातळ पिशव्यांचा वाटा किती मोठा होता हे तेव्हा उघड झाले आणि पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले. तरीही ओशिवरा नदी आणि उपनगरांतले नाले आपला कचरा मालाडच्या खाडीत आणतच राहिले, आणि ही खाडी जिथे समुद्राला मिळते तिथेच वेसावे, म्हणजे आजचे वर्सोवा, वसलेले असल्याने भरतीबरोबर तो किनाऱ्यावर येऊन पडत राहिला. डोल, म्हणजे ओहोटी-भरतीच्या प्रवाहात रोवून लावायचे पिशवीसारखे जाळे, वापरणाऱ्या कोळ्यांना हे दुखणे शहराच्या कितीतरी आधी कळले होते, कारण मासळीतून प्लास्टिक निवडून काढण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले होते.

ऑक्टोबर २०१५मध्ये वकील अफरोज शाह यांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सुरू केलेल्या स्वच्छतेची दखल संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साली घेतली, आणि मार्च २०१८मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली, ही या काळातील सर्वांत आनंदाची घटना होय. त्याच सुमारास कलेतही हा विषय ठळक झाला. २०१७ साली ससून डॉकवरील कलाप्रकल्पात सिंगापूरच्या तान झी शी यांचे ‘प्लास्टिक ओशन’ हे मांडणशिल्प, म्हणजे प्रेक्षकाला आत शिरून अनुभवता येईल अशी वस्तूंची मांडणी, उभे राहिले. टाकाऊ प्लास्टिक छताखाली टांगलेले असल्याने पाहणारा जणू समुद्राच्या तळाशी उभा राहून वर पाहत असे. गोव्यात सुबोध केरकर यांनी साळगाव येथे सुमारे दीड लाख टाकाऊ बाटल्यांचा फुलांसारखा गालिचा साकारला.

मात्र बाटली हे अशा शिल्पांचे लाडके माध्यम असले, तरी समुद्राची खरी कहाणी ती पुरती सांगत नाही. पेट प्रकारच्या बाटलीला भंगारात भाव मिळतो म्हणून कचरावेचक ती सहसा सोडत नाहीत. शिवाय पेट खाऱ्या पाण्यापेक्षा जड असल्याने उघडी बाटली पाणी भरून तळाशी जाते, तर हलक्या प्लास्टिकचे तिचे झाकण तरंगत किनाऱ्याला लागते. ज्याला भंगारवाला हात लावत नाही अशी वेफर्सची आणि शाम्पूची पाकिटे, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे हाच किनाऱ्यावरचा खरा ऐवज आहे. सुंदर बाटल्यांपेक्षा या कळकट मालातून घडलेले शिल्प अधिक प्रामाणिक ठरते.

ते घडवणे मात्र कठीण आहे. पाकिटात प्लास्टिकचे आणि बहुधा ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, त्यामुळे त्यांचा एकजीव ओतीव गोळा होत नाही. ती विणावी, शिवावी किंवा जाळ्याच्याच दोरीने बांधावी लागतात. असे शिल्प उघड्या किनाऱ्यावर ठेवणेही चुकीचेच, कारण उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिक झडून त्याचे पाच मिलिमीटरहून लहान कण, म्हणजेच सूक्ष्मप्लास्टिक, पुन्हा समुद्रात जातात. १ जुलै २०२२पासून देशभर लागू झालेल्या बंदीने प्लास्टिकचे चमचे, पेले आणि स्ट्रॉ यांना आवर घातला. बहुस्तरीय पाकिटे मात्र त्या यादीबाहेरच राहिली.